ट्रेमधला तवंग

दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हणून सकाळपासून चारदा टेबलाशी बसलो आणि पाचदा उठलो. बायको म्हणते, "अजी, एक जगा बैठो की!" एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. गंमत अशी की लोकांना एका जागी बसवायचं, हेच मी तीस वर्षं करत आलो. मी प्लास्टरवाला. वडील मुरूम गावात भिंतींना गिलावा करायचे, मी माणसांना केला. मी पहिल्यांदा पगारी कामाला लागलो तेव्हा वडील म्हणाले होते, "अपनी दीवाल तो चिल्लाती नै बेटा. तेरी चिल्लाएगी." तेवढा एक फरक सोडला तर धंदा तोच.

मी जिथं नोकरी केली त्या रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, इमारतीची नाही. उमरगा तालुक्यात होतं आणि सहकारी होतं, एवढं पुरे. त्या काळात आमच्याकडं सगळंच सहकारी निघत होतं. साखर सहकारी, सूत सहकारी, दूध सहकारी. त्याच भरात कुणाच्या तरी डोक्यात आलं की दवाखानाही सहकारी काढू. कारखान्याचे सभासद कारखान्याला ऊस घालायचे, आमचे सभासद आम्हाला स्वतःलाच घालायचे. आणि सभासद म्हणजे मालक. एका मालकाच्या मनगटाला मुका मार लागला होता. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, प्लास्टर नको. तो खुर्चीतून उठेना. "हाड शाबूत हाय त्ये हाडाचं झालं. माझा शेअर हाय. आमच्या भावकीत चौघान्ला प्लास्टर बसलंय, मलाच का न्हाय?" शेवटी त्याला जाड पट्टी बांधून गळ्यात हात अडकवून दिला, तेव्हा तो समाधानानं घरी गेला.

प्लास्टरचं काम बाहेरून सोपं दिसतं. चुना मारल्यासारखी पांढरी पट्टी असते, ती पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, हलकी पिळायची आणि सुरकुती न पडू देता गुंडाळत जायचं. खरी मेख पाण्यात असते. पाणी गरम असलं की पट्टी लवकर आवळते, गार असलं की वेळ मिळतो. आणि एक गोष्ट कुठल्या पुस्तकात मी वाचली नाही, ती बहात्तरच्या दुष्काळानं शिकवली. एकदा वापरलेल्या पाण्यात आधीच्या प्लास्टरचा गाळ असतो, त्या पाण्यात पट्टी भिजवली तर ती बघता बघता दगड होते. त्या वर्षी आम्हाला दिवसाला एकच बादली मिळायची. पहिला रुग्ण निवांत बांधून व्हायचा. सहाव्या रुग्णापर्यंत पाण्याची ताकासारखी गत व्हायची आणि माझे हात असे पळायचे की रुग्णालाच धडकी भरायची. हातांची ती घाई माझ्या अंगात तेव्हा शिरली, ती अजून निघालेली नाही.

आता गुडघ्याच्या वाटीविषयी सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

गुडघ्यावर हात ठेवला की जी गोल हलती चकती लागते ती वाटी. मांडीच्या हाडाला पुढून एक घळ असते, वाटी त्या घळीतून वरखाली सरकते. पाय जमिनीत रुतलेला असला आणि वरचं अंग गर्रकन वळलं, की वाटी घळ सोडून बाहेरच्या बाजूला जाऊन बसते. गुडघा वेडावाकडा दिसतो. माणसाला वाटतं, पायच उलटा झाला. दुखतं तर इतकं की चांगले चांगले आईला हाका मारतात.

बसवायची रीत साधी आहे. रुग्णाला थोडं उठवून बसवायचं, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू सैल पडतो, मग वाटीला अंगठ्यानं आतल्या बाजूला रेटत पाय हळूहळू सरळ करायचा. पण रुग्ण घाबरून मांडी ताणून धरतो, तोवर काही होत नाही. त्याचं लक्ष दुसरीकडं न्यावं लागतं. मी दुष्काळात एक युक्ती काढली. पायावर हात ठेवायचा आणि विचारायचं, "तुमच्या गावाला टँकर येतो का हो?"

बस्स. तामलवाडीकडचा एक पैलवान एसटीतून उतरताना वाटी सरकवून आला होता. हा एवढा धिप्पाड, आणि मला बोट लावू देईना. मी टँकरचं विचारलं आणि तो पेटलाच. "टँकर? आवो, त्यो सरपंच हाय ना, त्याच्या दारात आधी रिकामा व्हतो टँकर! आमच्या आळीला येतो त्यो नुसता वल्ला पाइप! म्या परवा त्याला म्हनलं..." तो सरपंचाला काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण 'म्हनलं'पर्यंत मांडी सैल पडली होती आणि वाटी टक्कन जागेवर बसली. पैलवान पायाकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, "थांबा की, माझं सांगून व्हायचंय." त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग बांधलं.

अशा गोष्टी मला रंगवून सांगता येतात. सांगत बसलो की ती दुसरी गोष्ट लांबणीवर पडते. बायकोला ती माहीत आहे. आत्ताच उठून मी चहाचा कप तिसऱ्यांदा विसळून आलो, तेव्हा ती म्हणाली, "कित्ता धोते जी? लिख डालो एक बार." तर लिहितो.

त्र्याहत्तरचा उन्हाळा असावा. नालाबंडिंगच्या दुष्काळी कामावरून मुकादमानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून एका मुलीला आणलं. सुमन तिचं नाव, सोळा वर्षांची. दहावीत होती, पण शाळा सोडून आईबरोबर मुरूम वाहायला जात होती. डोक्यावर भरली पाटी होती, पाय सैल मातीत गेला, मागून कुणी हाक मारली म्हणून ती वळली, आणि वाटी सरकली. आईनं घाबरून पाय ओढून सरळ केला तशी वाटी आपोआप आत गेली होती. आमच्याकडं पोचेपर्यंत गुडघा सुजून भोपळा झाला होता.

आमचे डॉक्टर पाठक चांगले माणूस. त्या दिवशी व्हरांड्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण ओळीनं झोपवलेले होते, आणि डॉक्टर एकटे. त्यांनी एक्स-रेचा फोटो काढायला लावला, फोटोत हाड ठीक दिसलं. सूज कमी व्हावी म्हणून सुई घालून गुडघ्यातलं रक्त ओढलं, ट्रेमध्ये सोडलं आणि "यासीन, नळी घाल, सहा आठवडे" असं म्हणून ते बाहेर धावले. नळी म्हणजे जांघेपासून घोट्याच्या वरपर्यंतचं सरळ प्लास्टर.

मी ट्रे उचलला. रक्तावर तवंग होता. कालवणावर तरंगतात तशा तेलाच्या बारीक बारीक गोल टिकल्या.

मी सोलापूरला ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते पवारमामा म्हणून जुने प्लास्टरवाले होते. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "गुडघ्यातल्या रक्तावर तेल दिसलं की समजायचं, आत कुठं तरी हाडाचा टवका उडालाय. चरबी हाडाच्या पोटात असती, कातड्यात न्हाय. फोटोत दिसो न दिसो, डॉक्टरला सांगायचं." वाटी घळ सोडताना हाडाच्या कडेला घासते, तेव्हा कधी कधी वाटीच्या आतल्या गुळगुळीत कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, तुकडा खालच्या हाडाचा पापुद्रा घेऊन निघतो. कूर्चा फोटोत येत नाही. तो तुकडा आतच फिरत राहतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या आठवड्यात पाण्याची टाकी तीन दिवसांतून एकदा भरायची आणि आम्हाला हुकूम होता, ट्रे धुवायचे नाहीत, फडक्यानं पुसून वापरायचे. त्याच ट्रेमध्ये सकाळी मी एका भाजलेल्या बाईसाठी व्हॅसलिनची जाळी ठेवली होती. मी स्वतःला म्हणालो, हे व्हॅसलिन असेल. ट्रे नीट पुसला गेला नसेल. बाहेर रुग्णांची रांग होती. डॉक्टर कुणावर तरी ओरडत होते. बादलीतलं पाणी दाट होत चाललं होतं आणि मला पट्टी भिजवायची होती.

व्हॅसलिन ट्रेच्या कडेला चिकटून राहतं, असं गोल टिकल्या होऊन तरंगत नाही. तेही मला ठाऊक होतं. मी ट्रे मोरीत ओतला.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं तेव्हा सुमनची मांडी वाळून काठी झाली होती. तसं सगळ्यांचंच होतं, व्यायामानं भरून येतं. पण महिन्याभरात ती परत आली. "यासीनभाऊ, आत खडा हाय," ती म्हणाली. "चालता चालता मधीच अडकतो. पाय ना सरळ व्हतो ना वाकतो. मंग हलवून हलवून सुटतो." डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला, काही दिसेना. त्या वेळी दुष्काळी कामावर न राबता हजेरी लागावी म्हणून नाना तक्रारी घेऊन लोक यायचे. डॉक्टरांना वाटलं, हीही त्यातलीच. त्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. मी तिथं उभा होतो. तोंडापर्यंत आलं होतं, पण तेव्हा गप्प का बसलास याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, म्हणून पुन्हा गप्प बसलो. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

पुढं सुमन शाळेत परत गेली आणि मॅट्रिक झाली. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. तपासणीच्या दिवशी, उकिडवं बसून दाखव म्हणाले तेव्हा गुडघा अडकला आणि ती उठेचना. नाव कापलं गेलं. हे मला तिच्या आईनं बाजारात भेटल्यावर सांगितलं. "नाटक करती म्हनत्यात हो पोरगी. घरातले बी म्हनत्यात. लगीन ठरलं हुतं, ते बी लंगडी म्हणून मोडलं." मी भाजी न घेताच घरी आलो.

काही वर्षांनी तिच्या गावात दूध सोसायटी निघाली. दुधातलं फॅट मोजून काढायला कुणी तरी शिकलेलं माणूस हवं होतं, वरून आलेल्या पर्यवेक्षकानं सुमनला निवडलं. बौद्धवाड्यातल्या बाईनं आपल्या दुधाला हात लावायचा, हे काही जणांच्या पोटात दुखत होतं, पण तोंडानं तसं बोलायची सोय नव्हती. ते तिच्या गुडघ्याकडं बघत बसले होते.

पंच्याऐंशी-शहाऐंशीत पाऊस पुन्हा दडी मारून बसला. त्या उन्हाळ्यात एका रुग्णाचं प्लास्टर बघायला मी तिच्या गावाला गेलो होतो, तेव्हा केंद्रावर डोकावलो. सुमन आता एकोणतीस-तीसची होती. उभ्यानं काम करत होती, पाय सरळ ठेवून. फॅट काढायची काचेची नळी असते. तीत दूध घालायचं, अॅसिड घालायचं, यंत्रात फिरवायचं. चरबी वर येते आणि पिवळा थर दिसतो. प्रत्येक नळी ती स्वच्छ पाण्यानं दोनदा विसळत होती. मी सहज म्हणालो, "पाण्याची एवढी टंचाई, आणि तू दोन-दोनदा धुतीस?"

"धुवावंच लागतं भाऊ," ती कामातून मान वर न करता म्हणाली. "न्हायतर वर आलेलं फॅट ह्या दुधाचं का आधीच्या, ते कसं कळावं? म्या आमच्या घरच्या हंड्यातलं पाणी आणती. एखाद्याच्या म्हशीवर उगं आळ नको."

मी तिथून निघालो तो थेट एसटी स्टँडवर येऊन थांबलो. दोन गाड्या सोडल्या. बसवेना, आणि चालवेना.

पंधरा दिवसांत, ते नाराज लोक ज्याची वाट बघत होते तेच घडलं. दुधाचा कॅन सरकवताना गुडघा अडकला, ती पडली, कॅन सांडला. सोसायटीच्या कमिटीनं ठरवलं, तीन महिन्यांत बाई धडधाकट असल्याचा डॉक्टरचा कागद आणावा, नाहीतर दुसरं माणूस घेऊ. दुसरं माणूस आधीच ठरलेलं होतं. सुमन काठी टेकत आमच्याकडं आली.

आता आमच्याकडं दर गुरुवारी सोलापूरहून डॉक्टर इनामदार यायचे. तरुण, बोलायला तुटक, हाताला साफ. मुंबईला शिकून आले होते आणि एका सुटकेसमध्ये स्वतःची दुर्बीण घेऊन फिरायचे. पेन्सिलीएवढी जाड नळी, तिच्या टोकाला दिवा. गुडघ्याला बारीक छेद देऊन ती आत घालायची आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावून आतलं बघायचं. अख्खा गुडघा उघडावा लागत नाही. फक्त एक अडचण असते. आत नीट दिसावं म्हणून गुडघ्यातून सतत सलाइन वाहतं ठेवावं लागतं. उंचावर बाटल्या टांगायच्या, पाणी एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बादलीत. रक्त धुतलं जात नाही तोवर सगळं लाल धुकं दिसतं.

इनामदारांनी सुमनला तपासलं, फोटो बघितले. "वाटी सैल आहे, हे खरं. पण आत तुकडा असेल याला आधार काय? फोटोत काही नाही. उगीच दुर्बीण घालायची, आणि तीही या पाणीटंचाईच्या दिवसांत? पट्टा देऊ, व्यायाम देऊ." ते कागदावर लिहायला लागले. तेरा वर्षांत सुमन हे ऐकायला सरावली होती. तिनं काठी घेतली आणि ती व्हरांड्यात जाऊन बसली.

मी दार लावलं. "डॉक्टर, तुकडा आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत?"

मी सांगितलं. ट्रे, तवंग, व्हॅसलिन, मोरी. सांगताना खोलीत येरझाऱ्या घालत होतो, त्यांनीच मला खांद्याला धरून थांबवलं. "तेरा वर्षं?" एवढंच म्हणाले. मग लिहिलेला कागद त्यांनी फाडला. "पुढच्या गुरुवारी करू. आणि यासीनभाई, हे तिला तुम्ही सांगायचं. मी नाही."

मी हो म्हणालो. आठवडाभर रोज ठरवलं आणि रोज टाळलं. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सांगू, असं शेवटी ठरवून टाकलं.

गुरुवारी कमरेत सुई देऊन तिचे पाय बधिर केले. ती जागी होती. माझं काम पाय धरायचं, सांगतील तसा वाकवायचा, आणि बाटल्या बदलायच्या. पहिली बाटली, दुसरी, पाचवी. बादलीत लाल पाणी, मग गुलाबी. नवव्या बाटलीला पाणी नितळ झालं. इनामदार डोळा लावून बसले होते, मानेवरून घाम वाहत होता. "वाटीच्या मागं खड्डा आहे," ते म्हणाले. "कूर्चा उडालीय. जुनी." मग कितीतरी वेळ काही नाही. अकरावी बाटली लागली. बाराव्या बाटलीला मला वाटायला लागलं की ते खरंच व्हॅसलिनच होतं, आणि मी या बाईला विनाकारण टेबलावर आणून झोपवलंय. बाटली किती उरली ते बघायला मी वळलो, आणि हातातला पाय हलला. "हात स्थिर," इनामदार म्हणाले.

मग ते म्हणाले, "सापडला." त्यांनी नळी न हलवता मला डोळा लावायला दिला. एरवी प्लास्टरवाल्याला कोण बघू देतं. मी बघितलं. स्वच्छ पाण्यात, पांढऱ्या भिंतींच्या कोपऱ्यात, चिंचोक्याएवढा एक गुळगुळीत गोळा हळूच हलत होता. तेरा वर्षं आतल्या आत घासून घासून त्याच्या सगळ्या कडा गेल्या होत्या.

चिमट्यानं तो बाहेर काढला. बाहेरच्या बाजूला वाटीला ओढून धरणारा ताठर पडदा आतूनच सोडवला, आणि आतल्या बाजूचा सैल पडदा बोटभर छेद देऊन घट्ट शिवला, म्हणजे वाटी पुन्हा बाहेर पळू नये. तुकडा मी ट्रेमध्ये घेतला. तो ट्रे मी सकाळी स्वतः तीन पाण्यांनी धुतला होता. सुमननं मान उचलून विचारलं, "काय हुतं?" मी ट्रे तिच्यासमोर धरला. ती त्या तुकड्याकडं बघत राहिली आणि मग मोठ्यानं रडायला लागली. "हाय का न्हाय? हाय का न्हाय?" एवढंच म्हणत राहिली. तेव्हा सांगायला हवं होतं. मी तुकडा बाटलीत घालून तिच्या उशाशी ठेवला.

तीन महिन्यांनी आमच्या रुग्णालयाची वार्षिक सभा होती. सुमन काठीशिवाय चालायला लागली होती, उकिडवं बसत होती, डॉक्टरांचा कागद देऊन केंद्रावर रुजू झाली होती. सोसायटीतले जे नाराज होते तेच आमचेही सभासद होते. त्यांनी सभेत पाण्याचा विषय काढला. एक जण उठून म्हणाला, "आदी येक सांगा. गावात मानसाला प्यायला घागर मिळंना, आन तुमी एका बाईच्या गुडघ्यात धा-बारा बाटल्या पानी वतलं म्हनं?" मंडपात हशा पिकला. दुसरा उठला. "आन फोटोत काय बी नव्हतं म्हनं. मंग कशावरनं घातली दुर्बीन? कुनाच्या सांगन्यावरनं?"

अध्यक्षांनी इनामदारांकडं बघितलं. इनामदारांनी माझ्याकडं बघितलं. बायकांच्या बाजूला सुमन बसली होती, हातात ती बाटली. ती दाखवायलाच आली होती.

मी उठलो. कसं बोललो ते आठवत नाही, पण सगळं बोललो. पाठकसाहेब नुकतेच वारले होते, त्यांच्यावर बोट येऊ नये म्हणून नीट सांगितलं की त्यांनी ट्रे बघितलाच नव्हता, बघितला होता मी. "तवंग मला दिसला होता. तो काय आहे हे मला कळत होतं. मी ट्रे ओतून दिला. माझ्या सांगण्यावरून दुर्बीण घातली, आणि ते मी तेरा वर्षं आधी सांगायला पाहिजे होतं." पाण्याचा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

सुमन उठली. मला वाटलं, ती काही तरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं न बघता मंडपातून चालत बाहेर गेली. सरळ, न लंगडता. तिची चाल मीच महिनाभर व्यायाम घेऊन बसवली होती.

तिला एकटीला आधी सांगायला हवं होतं. चारशे माणसांत, तिची चेष्टा करणाऱ्यांच्या पुढं, तिला ते माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकावं लागलं. पहिली चूक घाईची होती असं एक वेळ म्हणता येईल. ही भित्रेपणाची होती.

आठवड्यानं ती प्लास्टर रूममध्ये आली. मी एका म्हाताऱ्याच्या मनगटाला पट्टी गुंडाळत होतो. ती दाराशी उभी राहिली, माझं होईपर्यंत थांबली. म्हातारा गेल्यावर आत आली.

"मला घरचे खोटारडी म्हनायचे, तवा तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"नर्सिंगला नाव कापलं, तवा बी?"

"व्हय, सुमन."

"तुमी बाजारात माझ्या आईला भेटायचा. इचारायचा, पोरगी कशी हाय म्हणून."

तिनं पदराखालून ती बाटली काढली आणि टेबलावर, पट्ट्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

"लोकान्ला दाखवायला ठिवला हुता म्या. आता दाखवून झालं," ती म्हणाली. "तेरा वर्सं म्या वागवला. आता तुमी वागवा."

ती पुढं बरीच वर्षं फॅट काढत होती, मग त्याच सोसायटीची सचिव झाली. रस्त्यात भेटली की "बरं हाय का यासीनभाऊ" म्हणायची, आणि थांबायची नाही. मी निवृत्त होईपर्यंत कुठलाही ट्रे डॉक्टरला दाखवल्याशिवाय ओतला नाही, आणि प्रत्येक ट्रे धुतला. टंचाईच्या वर्षी घरून कळशी नेत होतो. नव्या पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला धुण्याचं वेड आहे.

बाटली आता या टेबलावर आहे. आतला तुकडा वाळून हरभऱ्याएवढा झालाय. घर झाडताना बायको ती उचलते, पुसते आणि परत तिथंच ठेवते. मी लिहिताना टेबलाला पाय लागला की तो आत हलतो, काचेवर बारीक आवाज होतो, आणि मी उठतो.